राबाच्या दिवसांतला निवाडा

खालापूरच्या या शाळेत माझ्या वर्गाच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. फाल्गुन सरत आला की दुपारच्या तासाला त्यांतून धूर येऊ लागतो. आधी वास येतो. वाळलेल्या ऐनाच्या पानांचा, शेणाचा आणि त्याखाली भाजत चाललेल्या मातीचा. मग फळ्यावरची अक्षरं जराशी पुसट दिसतात, पहिल्या बाकावरचं एखादं पोर खोकतं. "राब पेटला, सर," असं कुणीतरी सांगतं, जसं काही मला कळलेलंच नसावं. मी खिडक्या लावून घ्यायला सांगतो. उकाड्याने मुलं हैराण होतात. तरी मी सांगतोच.

मी मूळचा देशावरचा. राब म्हणजे काय हे कर्जतला नोकरीला आलो तेव्हा मला ठाऊक नव्हतं. भाताचं रोप जिथे टाकायचं तो तुकडा इकडे आधी भाजून घेतात. माघात झाडांचे टहाळ तोडायचे, वाळवायचे, शेणाच्या थरावर पसरायचे. वर पालापाचोळा, गवत आणि सगळ्यावर मातीचं पातळ पांघरूण. चैत्रात वारा पडलेला बघून पेटवायचं. पेटवायला एक माणूस पुरतो, आवरायला दहा लागतात. शेजारीपाजारी ओल्या डहाळ्या हातात घेऊन बांधावर उभे राहतात आणि ठिणगी पलीकडे गेली की झोडपून विझवतात. आज याच्या राबाला सगळे, उद्या त्याच्या. यासाठी कुणी बोलावणं धाडत नाही, कुणी आभारही मानत नाही. जायचं असतं म्हणून जातात.

आणि ज्याच्या राबाला कुणीच जात नाही, तो माणूस वाळीत टाकलेला असतो.

हे सगळं मी उशिरा शिकलो. शिकलो ते एका मुलाच्या जिवावर. या फाल्गुनापर्यंत पाच वर्षं मी त्याविषयी कुणाशी बोललो नव्हतो. बायकोशीसुद्धा नाही. स्वभावाने मी कमी बोलणारा, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक विचारी समजतात, ही एक मोठीच सोय असते.

मी तेव्हा कर्जतच्या शाळेत होतो. लढाईचे दिवस होते. कागद मिळत नव्हता, रॉकेल मिळत नव्हतं. मुलं जुन्या वह्यांच्या कडेच्या कोऱ्या पट्ट्यांवर गणितं सोडवत. माझ्याकडे सहावी इंग्रजीचा वर्ग होता, म्हणजे मॅट्रिकच्या अलीकडचं वर्ष. चाळीस मुलं. खेड्यातली मुलं शाळेत उशिरा घातलेली, त्यामुळे अर्ध्यांना मिसरूड फुटलेलं. त्यांच्या हाताला कोयत्याचे घट्टे होते आणि त्याच हातांवर आमचे शिक्षक छड्या मारत. मला ते बघवत नसे. त्या वर्षी जूनमध्ये मी माझी छडी वर्गातच मोडली आणि म्हणालो, "आजपासून मी तुम्हाला अरे-तुरे करणार नाही आणि हातही लावणार नाही. मी तुमचा मान ठेवीन, तुम्ही माझा ठेवा."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सरांना बरं नाय वाटतं."

सगळे हसले. मीही हसलो. तिथूनच आमचं जमलं.

शिक्षकांच्या खोलीत माझी यथेच्छ टिंगल झाली. ड्रिलचे मास्तर मला बघितलं की टाचा जुळवून म्हणायचे, "अहो विद्यार्थीराव, आपण कृपा करून फळा पुसता का? की दुपारी विश्रांती घेऊन मग?" मी उत्तर देत नसे. मला माझ्या यशाची खात्री होती. मी वर्गात पंच नेमले. दर महिन्याला मुलांनी पाच पंच निवडायचे आणि शनिवारी शेवटच्या तासाला वर्गातल्या तक्रारींचा निवाडा त्यांनीच करायचा. नियमही मीच लिहून दिले. आरोप असेल त्याला बोलू द्यायचं. शिक्षा सांगण्याआधी, कुणाला काही माहीत असेल तर त्याने उभं राहून सांगावं असं मुख्य पंचाने तीनदा विचारायचं. आणि जो निवाडा होईल तो मीसुद्धा मानायचा.

सुरुवातीचे खटले काय, तर कैऱ्या, दौती आणि कुणाच्या तरी टोपीत सोडलेला सरडा. सरड्याच्या खटल्यात आरोपीने आपल्या बचावात सरडाच हजर केला होता. शिक्षा म्हणजे आठवडाभर वर्ग झाडणं, नाहीतर पाण्याचा माठ भरणं. मी मागच्या बाकावर बसून हे ऐकत असे. छातीत काहीतरी उबदार भरून येई. आता मला वाटतं, त्या उबेचीच मला चटक लागली होती.

काशिनाथ आणि गोविंद दोघं कळंबच्या पलीकडच्या एकाच गावचे. कर्जतला एका घराच्या पडवीत आणखी दोन मुलांबरोबर राहत. घरून तांदूळ आणायचे, एका चुलीवर शिजवायचे. गोविंद उंच, बोलका, वर्गाचा लाडका. काशिनाथ मान खाली घालून चालणारा. पडवीत दिव्याला रॉकेल नसे, म्हणून तो संध्याकाळी हेडमास्तरांच्या ओटीवर कंदिलापाशी वाचायला बसे. त्या बदल्यात त्यांच्या विहिरीचं पाणी भरून देई. वर्गात तो क्वचितच हात वर करी. एकदा भूमितीत मी चुकलो होतो. पोरं उतरवून घेत होती आणि हा लिहायचा थांबला होता. तास संपल्यावर सगळे गेले तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, ती तिसरी पायरी जरा बगता का? मला समजली नाय." चूक माझी आहे हे त्याला पक्कं कळलं होतं. तरी बोलला तो असा.

माघ संपता संपता चाचणी परीक्षा झाली. आमच्या हेडमास्तरांचा नियम होता की आजारपणाशिवाय जो चाचणीला गैरहजर राहील त्याला वार्षिक परीक्षेला बसू द्यायचं नाही. चाचणीचे तिन्ही दिवस गोविंद आला नाही. मग वडिलांची अंगठा लावलेली चिठ्ठी घेऊन आला, मुलाला हिवताप होता म्हणून. हेडमास्तरांनी ती मान्य केली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गोविंद माझ्यापुढे उभा राहिला.

"सर, ती चिठ्ठी खोटी हाय."

"मग?"

"बाबाच्या पायावर कोयता बसला. टहाळ तोडायचं निम्मं राह्यलं व्हतं. राब रचायला घरात दुसरं कोण नाय. पन हेडमास्तरांना राब काय कळनार? तुमाला खोटं नाय सांगवत, म्हून आलो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "ही गोष्ट माझ्यापाशीच राहील."

माझ्या आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला असेल. बावीस वर्षांची नोकरी, त्यात पहिल्यांदाच एका विद्यार्थ्याने आपणहून, कुणी न विचारता, मला खरं सांगितलं होतं. ते सुख माझ्यात मावेना. दोन दिवसांनी संध्याकाळी हेडमास्तरांनी घरी, ओटीमागच्या खोलीत, चहाला बोलावलं होतं. बोलता बोलता ते म्हणाले, "तुमच्या या पंच-बिंच प्रकाराने शिस्त बिघडतेय हो. मुलांना धाक हवा." मला राहवलं नाही. मी म्हणालो, "धाकाने मुलं खोटं बोलतात. माझी मुलं मला खरं सांगतात. आता हा गोविंदच घ्या," आणि मी सगळं सांगून टाकलं. कौतुकाने. एखाद्या बापाने मुलाचं पहिलं पाऊल सांगावं तसं.

हेडमास्तरांनी कप बशीत ठेवला. "म्हणजे चिठ्ठी खोटी आहे?"

तेव्हा कुठे मला कळलं मी काय केलं ते. मी विनवण्या केल्या. राब काय असतो ते समजावलं. ते म्हणाले, नियम एकाला मोडला की सगळ्यांना मोडला. त्यांचंही खरंच होतं. मग मी खालच्या आवाजात एक वाक्य बोललो. इथपर्यंतचं सगळं मी कधीतरी कुणाला सांगू शकलो असतो. ते वाक्य मात्र माझ्या तोंडून पाच वर्षं बाहेर पडलं नव्हतं. मी म्हणालो, "माझं नाव मात्र येऊ देऊ नका."

त्यांनी ते येऊ दिलं नाही.

गोविंदाचं नाव वार्षिक परीक्षेच्या यादीतून गेलं. वर्ग पेटून उठला. चुगली कुणी केली, एवढाच प्रश्न होता आणि उत्तर त्यांच्या दृष्टीने सोपं होतं. चिठ्ठीचं खरं त्या पडवीतल्या मुलांना माहीत आणि पडवीतून हेडमास्तरांच्या ओटीवर रोज कोण जातं? शनिवारी शेवटच्या तासाला काशिनाथ पंचांसमोर उभा राहिला. त्या महिन्याचा मुख्य पंच होता इब्राहिम, स्टेशनाबाहेरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. फार नेमका, नियमाने चालणारा.

"तू हेडमास्तरांना सांगितलंस?"

"नाय."

"मग कोणी सांगितलं, ते तुला ठाऊक आहे?"

काशिनाथ काहीच बोलला नाही. गोविंद बाकावर मूठ आपटून ओरडला, "बोल की रं! तोंड शिवलंय काय? एका ताटात जेवलो आपन!" काशिनाथ त्याच्याकडेही बघेना. त्याची नजर जमिनीवर होती. त्या गप्प राहण्याचा अर्थ चाळीस मुलांनी एकाच तऱ्हेने लावला.

मग इब्राहिम उठला आणि माझ्या नियमाप्रमाणे म्हणाला, "कुणाला काही माहीत असेल तर त्याने उभं राहून सांगावं." एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा म्हणताना त्याची नजर वर्गावरून फिरत मागच्या बाकावर, माझ्यावर आली आणि तो आदराने थांबला. "सर, तुम्हाला काही सांगायचंय?"

बाहेर कुठेतरी पाचोळा गोळा करत होते. खराट्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "पंच ठरवतील ते."

झाडू-माठाची शिक्षा त्यांना आता पुरेशी वाटेना. त्यांनी आपल्या गावात मोठ्या माणसांना जे करताना पाहिलं होतं तेच केलं. वार्षिक परीक्षेपर्यंत काशिनाथशी कुणी बोलायचं नाही, शेजारी बसायचं नाही, चुलीवर त्याचं भांडं ठेवू द्यायचं नाही. मी हबकलो. पण तास सुटल्यावर पाचही पंच माझ्यापुढे आले आणि त्यांतला एक म्हणाला, "सर, निवाडा तुमीबी मानायचा ठरलाय." त्याच्या डोळ्यांत उद्धटपणा नव्हता. माझ्या शब्दावर विश्वास होता.

मी मान डोलावली.

त्या वेळी मी मनाशी काय बोललो तेही सांगतो. मी म्हणालो, एक मुलगा दीड महिना गप्प राहील, पण चाळीस मुलांचा शिक्षकावरचा विश्वास टिकेल. खरं सांगितलं तर ड्रिलचे मास्तर उद्या छडी फिरवत हसतील आणि या शाळेत पुन्हा कुणी मुलांचा मान ठेवणार नाही. केवढा उदात्त विचार! त्याच्या तळाशी फक्त माझी भीती होती. माझ्याकडे ज्या डोळ्यांनी मुलं बघत, ते डोळे मला गमवायचे नव्हते.

मी निवाडा पाळला. अगदी कसोशीने पाळला. हजेरी घेताना त्याचा नंबर उच्चारायचा आणि नजर वहीवरच ठेवायची. सगळ्यांच्या वह्या तपासायच्या, त्याची तशीच परत द्यायची. आणि एक विलक्षण गोष्ट झाली. जो मुलगा कधी हात वर करत नसे, तो करू लागला. प्रत्येक प्रश्नाला. बोटं सरळ, कोपर बाकावर. मी त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघून दुसऱ्याला विचारी. त्याचा हात थोडा वेळ तसाच राही, मग खाली येई. पुढच्या प्रश्नाला पुन्हा वर. आजही वर्गात एखाद्या मुलाचा हात जास्त वेळ वर राहिला की मला समोरचं काही दिसेनासं होतं.

बारा-तेरा दिवसांनी शाळा सुटल्यावर तो माझ्या घराच्या पायरीशी आला. मी अंगणात तुळशीला पाणी घालत होतो. तो लांबच उभा राहिला.

"सर, तुमी बोलू नका. निवाडा हाय. मी एकच सांगतो. त्या सांजेला मी ओटीवरच व्हतो."

तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर सांडत राहिलं.

"मी कुनाला सांगितलं नाय. सांगनार बी नाय. तुमी सांगाल, तवा सांगा."

एवढंच बोलला. आवाज चढलेला नव्हता. डोळ्यांत मला राग शोधायचा होता, तो सापडला नाही. त्याने माझ्या तोंडून सगळं ऐकलं होतं. माझ्या बढाया, विनवण्या आणि ते शेवटचं वाक्यही. पंचांसमोर एक शब्द बोलला असता तर तो सुटला असता. पण भर वर्गात माझी मान खाली जाऊ नये म्हणून तो बोलला नव्हता. भूमितीच्या त्या तिसऱ्या पायरीसारखंच त्याने हेही माझ्या हातात ठेवलं होतं, मीच दुरुस्त करावं म्हणून.

आणि मी? मी वळलो, घरात गेलो आणि दार लावून घेतलं. पंचांचा निवाडा होता ना.

चैत्र लागला. कर्जतच्या चारी बाजूंनी धूर चढायला लागला, नदीवर तो सकाळपर्यंत लोंबत राही. वार्षिक परीक्षा आठ दिवसांवर आली आणि काशिनाथ शाळेत यायचा थांबला. वर्गात कुणी त्याचं नाव घेत नव्हतं, त्यामुळे मला कळायलाही उशीर झाला. सांगितलं ते पडवीतल्याच एका मुलाने, वही तपासून घेताना. निवाड्याची गोष्ट गावात पोचली होती. गोविंदाचं वर्ष गेलं म्हणून त्याची भावकी चिडली होती. काशिनाथच्या घरच्यांच्या राबाला कुणी उभं राहायचं नाही, असं गावानेही ठरवलं होतं. घरात आई आणि तो, दोघंच. "त्यानं आनि त्याच्या आयनं मिळून थोडाथोडा करून भाजला, सर. चार-पाच दिस लागलं. पेंढ्याची उडवी गेली त्यांची. ठिनगी उडाली आनि इझवायला कोन नव्हता."

"आणि परीक्षा?"

"आता कुटली परीक्षा?"

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. नेरळची गाडी होती, तिथून पायी कळंबवरून त्यांचं गाव गाठता आलं असतं. गावाच्या चावडीवर उभं राहून चार वाक्यं बोलायची होती. मी पेपरांवर देखरेख केली. प्रत्येक तासाला एका रिकाम्या जागेवरून चालत गेलो. जूनमध्ये मी खालापूरला बदली मागून घेतली. कारण विचारलं तेव्हा प्रकृती सांगितली. माझ्या चिठ्ठीची खातरजमा कुणी केली नाही.

काशिनाथ परत शाळेत गेला नाही. गोविंदही नाही. तो आता साजगावला गवताच्या वखारीवर मुकादम आहे.

या फाल्गुनात पहिला धूर वर्गात आला त्या दिवशी मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. रविवारी सायकल काढली आणि साजगावला गेलो. वखारीत गवताच्या गाठी छपरापर्यंत रचलेल्या. गोविंदाने मला लांबूनच ओळखलं, धावत आला, वाकून पाया पडला. गड्यांना ओरडून म्हणाला, "अरं, आमचं सर हायत! छडी मोडलेलं सर! बसाया काय तरी आना रं!" गुळाचं पाणी आलं. मी ते घेतलं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. चहा, हेडमास्तर, माझी बढाई, माझं नाव येऊ देऊ नका म्हणून केलेली विनंती, सगळं. आयुष्यात एका दमात मी एवढं कधी बोललो नव्हतो.

गोविंद ऐकत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. डोळे पाणावले.

"सर," तो म्हणाला, "तुमी लई मोटं."

"गोविंद, मी खरं सांगतोय."

"मला नाय ओळखू येत व्हय? पाच वर्सं झाली, अजून त्याला सोडवाया बगताय. त्याचं पाप सोताच्या अंगावर घेताय."

"अरे, चुगली मी केली!" छडी मोडल्यापासून पहिल्यांदा मी एका विद्यार्थ्याला अरे म्हणालो. तोही चमकला.

"तुमी असं करालच कसं?" तो म्हणाला, लहान मुलाची समजूत घालावी तसं. "त्याला म्हाईत नसंल तुमी इतं आलता ते. असा मास्तर मिळून त्यानं काय केलं बगा. अजून त्याच्या राबाला आमच्यातला कोन जात नाय. ह्या सालीबी जानार नाय."

मी शपथ घेतली. हेडमास्तरांना पत्र पाठवून विचार म्हणालो. तो फक्त मान हलवत राहिला. जितकं मी सांगावं तितका मी त्याच्या नजरेत उंच होत गेलो. निघताना त्याने पुन्हा माझे पाय धरले आणि मला ते सोडवून घेता आले नाहीत.

मुलांच्या मनात शिक्षकाविषयी आदर कसा निर्माण करावा यावर मी पूर्वी व्याख्यानं दिली आहेत. त्यात सांगितलेलं सगळं खरं आहे. तसा आदर निर्माण होतो. मी तो केला. तो इतका पक्का झाला की आता माझ्याच्याने फुटत नाही, आणि त्याच्याआड एक माणूस दर चैत्रात एकटा आग आवरत उभा आहे. मान ठेवणं म्हणजे काय, हे आमच्या वर्गात फक्त त्याला कळलं होतं. शिकवलं मी नव्हतं.

काशिनाथच्या गावाला मी अजून गेलेलो नाही. जाईन असं लिहायचा मोह होतो, पण स्वतःला ओळखून आहे. म्हणून हे छापायला देतोय. वाचणारे कदाचित गोविंदासारखंच म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस. त्यांना आवरणं माझ्या हातात नाही. हा अंक काशिनाथच्या हाती पडेलच असंही नाही. पडला, आणि त्याने वाचला, तरी त्यात त्याला नवीन असं एक अक्षर सापडायचं नाही.